चुकीच्या आकड्याचा माग : प्रस्तावना

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत, एक रेल्वे आणि एक बाजार. धामणगावांचेही तेच. मुंबई-हावडा मार्गावरचे, तालुक्याचे गाव ते धामणगाव रेल्वे. त्याच जिल्ह्यात धामणगाव गढी. शेजारच्या यवतमाळात धामणगाव देव. बुलढाण्यात धामणगाव बढे. वऱ्हाडातल्या माणसाला यात गोंधळ होत नाही, कारण बोलण्याच्या ओघात कोणते धामणगाव ते त्याला कळते. डेटाबेसला ओघ नसतो. गावाच्या नावात ‘धामणगाव’ असलेले खातेदार दाखव म्हटले, की तो चारही ठिकाणचे खातेदार एकत्र करून ठेवतो, त्यांची संख्या सांगतो आणि थांबतो. लाल अक्षरांतली सूचना येत नाही, काम अडत नाही, पान नेहमीच्या वेगाने उघडते. आकडा चुकीचा आहे याची खूण पडद्यावर कुठेही नसते. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हा असा आकडा आहे : संकेतस्थळाच्या मागे बसलेल्या डेटाबेस-थराने न अडखळता दिलेले चुकीचे उत्तर, आणि त्याचा माग कसा काढायचा.

आज तालुक्याच्या ठिकाणीही बाजार समितीची आवक, पतसंस्थेची खाती, शाळेचे प्रवेश आणि दवाखान्याच्या नोंदी संगणकावर असतात, आणि त्यातला मोठा भाग कुठल्या ना कुठल्या वेब फ्रेमवर्कवर उभा असतो. जँगोचेच उदाहरण घ्या. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाच्या गावी एका वृत्तपत्राच्या कचेरीत तो तयार झाला आणि जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला; नाव ठेवले गेले जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून. रुबी ऑन रेल्स त्याच्या वर्षभर आधीचा. या फ्रेमवर्कांनी प्रोग्रामरच्या डोक्यावरचे एक मोठे ओझे उतरवले : एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, हाताने लिहिण्याचे. शेतकरी, पावती, खाते या वस्तू प्रोग्रामच्या भाषेत मांडायच्या, त्यांचे नाते सांगायचे आणि प्रश्न विचारायचा. मधला थर, ज्याला ओआरएम म्हणतात, त्या प्रश्नाचे एसक्यूएल करतो. हे रूपांतर बहुतेक वेळा प्रामाणिक असते, आणि माझ्या मते तपासाची सुरुवात हे मान्य करण्यापासून व्हायला हवी. डेटाबेसने दिलेले चुकीचे उत्तर हे जवळजवळ नेहमी दुसऱ्याच एखाद्या प्रश्नाचे बरोबर उत्तर असते. तो दुसरा प्रश्न कोणता आणि तो नकळत कसा विचारला गेला, हे शोधून काढणे म्हणजे तपास. आणि हा शोध एकूण बेरजेपासून सुरू केला तर भरकटतो. एका ओळखीच्या माणसाच्या, हातात पावत्या असलेल्या नोंदीपासून सुरू केला तर मार्गी लागतो.

एक हिशेब जवळून पाहू. उदाहरण रचलेले आहे, पण रचना रोजचीच. एका शेतकऱ्याने हंगामात तीन वेळा कापूस आणला : १२ क्विंटल, पुन्हा १२ क्विंटल आणि शेवटी १५ क्विंटल. एकूण ३९. भाव सोयीसाठी ७,००० रुपये धरू. म्हणजे मालाचे २ लाख ७३ हजार झाले. चुकारे दोन मिळाले, १ लाख ५० हजारांचा एक आणि ७५ हजारांचा दुसरा, मिळून २ लाख २५ हजार. शेतकऱ्याचे ४८ हजार येणे आहे. काटापट्ट्यांचे टेबल वेगळे, चुकाऱ्यांचे वेगळे, आणि दोन्हींत शेतकऱ्याचा क्रमांक. आता कोणी जँगोत साध्या भाषेत विचारले, की प्रत्येक शेतकऱ्यापुढे त्याच्या मालाच्या रकमेची बेरीज मांड आणि चुकाऱ्यांचीही बेरीज मांड. वाचायला वाक्य निर्दोष आहे. थर मात्र या एका वाक्यासाठी दोन्ही टेबले शेतकऱ्याला एकाच वेळी जोडतो. तीन काटापट्ट्या आणि दोन चुकारे एकमेकांसमोर येतात, आणि तीन दुणे सहा ओळी तयार होतात. प्रत्येक काटापट्टी दोनदा मोजली जाते, प्रत्येक चुकारा तीनदा. माल ३९ चा ७८ क्विंटल होतो, त्याची किंमत ५ लाख ४६ हजार. चुकारे २ लाख २५ हजारांचे ६ लाख ७५ हजार. वजाबाकी केली तर शेतकऱ्यालाच १ लाख २९ हजार जास्त दिल्याचे दिसते. ज्याचे येणे आहे तो माणूस देणेकरी ठरला, आणि प्रोग्राम एकदाही थांबला नाही.

इथवर आलेला बहुतेक तपास पुढच्या पायरीवर फसतो. बेरजा फुगल्या आहेत हे दिसते, एका ओळीची पुनरावृत्ती होते आहे हेही दिसते, आणि मग कोणीतरी सुचवतो की बेरजेला ‘डिस्टिंक्ट’ लावा, दुहेरी नोंदी निघून जातील. मोजणीसाठी हा उपाय चालतो, कारण तिथे प्रत्येक पावतीचा स्वतःचा क्रमांक वेगळा असतो. रकमेच्या बेरजेला तो लावला तर डिस्टिंक्ट सारख्या रकमा एकच धरतो. आपल्या शेतकऱ्याने १२ क्विंटल दोनदा आणला होता. दोन्ही खेपांची रक्कम ८४ हजारच. डिस्टिंक्ट लावताच त्यातली एक खेप गडप होते. माल २७ क्विंटलचा राहतो, किंमत १ लाख ८९ हजार, आणि आता शेतकऱ्याला ३६ हजार जास्त दिल्याचे दिसते. हा आकडा पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे. १ लाख २९ हजार पाहून कोणी भुवया तरी उंचावल्या असत्या. ३६ हजार खपून जातात. दुरुस्ती म्हणून केलेल्या बदलाने चूक अधिक विश्वासार्ह केली. खरा उपाय असा, की दोन बेरजा एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या : आधी काटापट्ट्यांची शेतकरीनिहाय बेरीज पूर्ण करायची, मग चुकाऱ्यांची, आणि दोन्ही तयार झाल्यावरच त्यांना एका ओळीत बसवायचे. जँगोत यासाठी उपक्वेरीची सोय १.११ या आवृत्तीत, २०१७ साली, आली. ही अडचण कोणापासून लपलेली नाही. एकाच वेळी अनेक बेरजा मांडल्यास उत्तर चुकू शकते, असा इशारा जँगोच्या अधिकृत दस्तऐवजात स्पष्ट दिलेला आहे, आणि त्याविषयीची तक्रार क्रमांक १००६० ही २००९ सालची आहे. इतक्या वर्षांत ती सोडवणे अवघड ठरले यावरून मला एवढेच दिसते, की ‘जोडून मग बेरीज’ आणि ‘बेरीज करून मग जोडणी’ यांतले काय हवे आहे ते विचारणाऱ्यालाच ठाऊक असते. थराने परस्पर ठरवावे अशी ती गोष्ट नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : मग हा मधला थरच नको, एसक्यूएल हाताने लिहा. या आक्षेपाला मान द्यायला हवा, कारण तो बहुधा अनुभवी माणसांकडून येतो. पण वरची चूक हाताने लिहिलेल्या एसक्यूएलमध्ये जशीच्या तशी होते. तीन दुणे सहा हा गुणाकार जोडणीचा आहे. १९७० साली आय.बी.एम.च्या एडगर कॉड यांनी संबंधांवर आधारलेल्या डेटाबेसची कल्पना मांडली तेव्हापासून तो तिच्या गाभ्यात आहे. किंबहुना महसूल खात्याच्या कागदावर तो संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून दिसतो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातवर जमिनीचा गट आणि तिचे भोगवटादार, बारावर पिके. एका गटात चार भाऊ हिस्सेदार असतात आणि एका हंगामात तूर, कापूस, सोयाबीन अशी तीन पिके असतात. दोन्ही भाग एकाच वेळी जोडून क्षेत्राची बेरीज घेतली, तर तेच वावर बारा वेळा मोजले जाईल, मग ती बेरीज जँगोने घेतलेली असो, हाताच्या एसक्यूएलने किंवा एखाद्या उत्साही उमेदवाराने तक्त्यात. खातेदाराचे एकूण क्षेत्र पाहायला आठ-अ हा वेगळा नमुना ठेवणाऱ्यांनी ही अडचण कागदावरच ओळखली होती : जमिनीनुसार ठेवलेली नोंद आणि माणसानुसार ठेवलेली नोंद या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. म्हणून थर टाकून देण्याने चूक जात नाही. फार तर ती डोळ्यांसमोर येते. आणि डोळ्यांसमोर आणण्यासाठी थर टाकण्याची गरज नाही. जँगोत प्रत्येक क्वेरीसेटकडून त्याचे एसक्यूएल मागून घेता येते. एवढे ध्यानात ठेवावे, की अशा छापील एसक्यूएलमध्ये मूल्यांभोवती अवतरणचिन्हे नसतात, त्यामुळे ते उचलून तसेच चालवायला गेले तर अडखळते. ते वाचण्यासाठी आहे. त्यात जॉइन, म्हणजे टेबलांच्या जोडण्या, किती आहेत आणि ते कोणत्या टेबलांकडे जातात एवढे मोजले, तरी वरच्यासारखी चूक उघडी पडते.

थर नेहमीच निर्दोष असतो, असे मात्र मी म्हणत नाही. जँगोत टेबलाच्या व्याख्येत ‘नोंदी या क्रमाने दाखव’ असे लिहून ठेवता येते. जुन्या आवृत्त्यांत तो क्रम न सांगता गटवार बेरजांमध्येही शिरायचा, आणि गावनिहाय बेरीज मागितली तर गाव आणि तारीख असे तुकडे पडून यायचे. ३.१ या २०२० च्या आवृत्तीपासून हे बंद झाले. जी यंत्रणा अजून जुन्या आवृत्तीवर चालते तिथे ते आजही घडेल. दुसरी जागा अटींच्या साखळीची. ‘२०२४ मध्ये कापूस विकलेले शेतकरी’ हवे असतील, तर वर्षाची आणि पिकाची अट एकाच कंसात द्यावी लागते. दोन अटी एकापुढे एक लावल्या, तर जँगो प्रत्येक अटीसाठी पावत्यांचे टेबल नव्याने जोडतो, आणि २०२२ मध्ये कापूस व २०२४ मध्ये फक्त तूर विकलेला माणूसही यादीत येतो. दोन्ही प्रश्न अर्थपूर्ण आहेत. म्हणून तर चूक नजरेतून निसटते.

रिकाम्या रकान्याचे प्रकरण याहून नाजूक आहे. एसक्यूएलमध्ये ‘नल’ म्हणजे माहीत नसलेले मूल्य, आणि माहीत नसलेल्याशी केलेली तुलना खरीही नसते, खोटीही नसते. विमा कंपनीच्या यादीत ज्यांचे क्रमांक नाहीत असे शेतकरी दाखव म्हटले, आणि त्या यादीत एकच क्रमांक रिकामा राहिलेला असला, तर हाती येणारी यादी पूर्ण कोरी असते. सगळ्यांचा विमा उतरला असा त्याचा अर्थ कोणी घेतला तर त्याला दोष कसा द्यावा? गंमत अशी, की ‘अमुक सोडून बाकीचे’ असा प्रश्न जँगोतून विचारला, तर रिकाम्या रकान्याच्या नोंदी तो आपणहून उत्तरात ठेवतो, आणि तोच प्रश्न हाताने एसक्यूएलमध्ये लिहिला तर त्या नोंदी गळतात. एकाच कचेरीत दोन माणसे दोन वाटांनी तोच आकडा काढतात, आकडे जुळत नाहीत, आणि दोघेही शपथेवर सांगू शकतात की आपण नेमके तेच विचारले. इथे भांडणाचा निकाल थराकडून मिळत नाही. रिकामा रकाना म्हणजे ‘नाही’, ‘लागू नाही’ की ‘अजून भरायचा आहे’, हे कामकाज चालवणाऱ्याला सांगावे लागते, आणि बहुतेक ठिकाणी ते कधीच कोणी लिहून ठेवलेले नसते.

वेळेचा आणि पानांचा उल्लेख करून पुढे जातो, कारण त्यांना पुस्तकात स्वतंत्र जागा आहे. नवा जँगो प्रकल्प सुरू केला की त्यातली घड्याळाची नेमणूक जागतिक प्रमाणवेळेची असते. ती बदलायची राहिली तर पहाटे चार वाजता बाजारात शिरलेल्या गाडीची नोंद आदल्या दिवसाच्या आवकेत मोजली जाते, कारण आपण साडेपाच तास पुढे आहोत. क्रम न ठरवता यादीचे पन्नास-पन्नासचे भाग पाडले, तर एक नाव दोन पानांवर येऊ शकते आणि एक कुठेच नाही. न आलेल्या ओळी किती महाग पडतात हे इंग्लंडने २०२० च्या शरद ऋतूत पाहिले : जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलच्या ओळींची मर्यादा संपल्याने कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यातून गळले आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांची एक अडचण मात्र इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही, म्हणून ती इथे थोडी सविस्तर. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिले जाते : २००८ पासून उपलब्ध असलेले एकसंध अक्षर, किंवा ‘अ’ आणि त्यावर वेगळी दिलेली चंद्राची खूण. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, डेटाबेसला ती वेगळी. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतल्या आडव्या रफाराचीही तीच गत; एका कळफलकावर त्यासाठी नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात, दुसऱ्यावर साध्या ‘र’च्या पायाला अदृश्य जोडचिन्ह. ‘वऱ्हाड’ हा शब्दच दोन रूपांत साठवला जाऊ शकतो, आणि एका रूपाने शोधले तर दुसऱ्या रूपातल्या नोंदी मिळत नाहीत. त्यात जुन्या नोंदींतले ‘गांव’ आणि नव्या लेखनाचे ‘गाव’ यांची भर. युनिकोडची प्रमाण रूपे करून घेण्याचा नेहमीचा उपाय यातल्या सगळ्या जोड्या जुळवत नाही. ‘ॲ’च्या दोन रूपांना तो एक मानत नाही, आणि अदृश्य जोडचिन्ह तो काढत नाही. म्हणून मराठी नावावर कधीही नोंदी जुळवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गावाला जनगणनेचा क्रमांक आहे, स्थानकाला रेल्वेचा संकेत आहे. जुळणी त्यांवर करावी. नाव वाचण्यासाठी ठेवावे.

इथे दुसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो महाराष्ट्राने फार मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे : चूक क्वेरीत नसतेच, मुळातली माहितीच खराब असते. २०१७ च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीसाठी शेतकऱ्यांकडून ऑनलाइन अर्ज घेतले गेले, आणि अर्जातली माहिती बँकांच्या माहितीशी जुळवून पात्र नावांच्या याद्या करायच्या ठरल्या. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटली गेली. त्यानंतर माहिती जुळत नसल्याचे समोर आले, एकाच आधार क्रमांकापुढे अनेक नावे असल्याच्या तक्रारी झाल्या, आणि पैसे खात्यांत पोचायला वेळ लागला. अमरावती, अकोला, यवतमाळ या जिल्ह्यांत त्या उशिराची किंमत काय होती हे वाचकांना सांगायला नको. त्या यंत्रणेच्या आतल्या क्वेरींबद्दल मी काही म्हणत नाही. मला दाखवायचे आहे ते असे, की ‘माहिती खराब’ हे तपासाचे उत्तर होऊ शकत नाही, कारण आधार क्रमांक एकदाच येईल हे गृहीतही क्वेरीनेच धरलेले असते. तो दोनदा आला तर जोडणीत ओळी वाढणार, आणि यादीत नावे वाढणार किंवा गळणार. गृहीत लिहून ठेवलेले असते आणि डेटाबेसलाच ‘हा क्रमांक एकमेव’ असे बंधन घातलेले असते, तर खराब माहिती आत येतानाच अडली असती.

पुढच्या योजनेची रचना या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत अर्ज मागवले नाहीत. बँकांनी खाती भरली, पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी लागली, यादीतल्या प्रत्येक खात्याला एक विशिष्ट क्रमांक मिळाला, आणि शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आधारने ओळख पटवायची, पडद्यावरची कर्जाची रक्कम पाहायची, आणि ती मान्य की अमान्य ते सांगायचे, अशी व्यवस्था झाली. या योजनेतही अडचणी आल्या, नावे राहिली. पण पैसे जमा होण्याआधी ज्याच्या नावाची ओळ त्याला ती दाखवून विचारणे, ही पायरी तिने प्रक्रियेत आणली. चुकीच्या आकड्याचा शोध घेण्याची मला माहीत असलेली सगळ्यात खात्रीची पद्धत तीच आहे.

प्रोग्रामर मंडळी म्हणतील, आमच्याकडे चाचण्या आहेत. अशी चूक चाचणीत सापडेल. ती का सापडत नाही हे कापसाच्या उदाहरणावरून दिसते. चाचणीसाठी जो नमुना भरतात त्यात एक शेतकरी, एक काटापट्टी आणि एक चुकारा असतो. एक गुणिले एक, एकच. उत्तर बरोबर येते, चाचणी हिरवी होते. चाचण्या निरुपयोगी आहेत असे यातून निघत नाही. नमुन्यात किमान एका माणसाच्या दोन्ही बाजूंना एकाहून जास्त नोंदी हव्यात, दोन नोंदींची रक्कम मुद्दाम सारखी हवी, एक रकाना रिकामा हवा, आणि एक शेतकरी असा हवा ज्याची काटापट्टी आहे पण चुकारा झालेलाच नाही. एवढ्या चार गोष्टी घातल्या तर वर आलेल्या बऱ्याच चुका पहिल्या दिवशी उघड होतील.

आणखी एक आक्षेप व्यवहारी माणसाचा. एकूण आकडा साधारण बरोबर असला तर पुरे, थोडीफार तफावत चालते. चुकीची वाटणी सगळ्यांवर सारखी झाली असती तर हे पटलेही असते. पण जोडणीचा गुणाकार ज्याच्या नोंदी जास्त त्याच्यावर जास्त बसतो. एका ट्रॉलीत सगळा माल आणून एका चेकने पैसे उचलणाऱ्याचा हिशेब बरोबर राहतो. वेचणी होईल तसा थोडा थोडा कापूस आणून हप्त्याहप्त्याने चुकारे घेणाऱ्या लहान शेतकऱ्याचा बिघडतो. त्याच्याकडे वकील नसतो, बरेचदा जपून ठेवलेली दुसरी प्रतही नसते. एकूण बेरजेत ही तफावत बुडून जाते, आणि म्हणून एकूण बेरीज पाहून समाधान मानणारा अधिकारी चुकीच्या जागी पाहत असतो.

यंत्राच्या आकड्यावर माणसापेक्षा जास्त विश्वास ठेवला तर काय होते, याचा सगळ्यात दुःखद पुरावा ब्रिटनच्या टपाल खात्याचा आहे. १९९९ पासून तिथल्या शाखांमध्ये होरायझन नावाची हिशेबाची यंत्रणा बसवली गेली. तिच्या आकड्यांत तूट दिसू लागली, आणि शाखा चालवणाऱ्या माणसांवर चोरीचे, खोट्या हिशेबाचे खटले भरले गेले. नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींची घरे गेली. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने यंत्रणेत दोष असल्याचा निर्णय दिला, आणि २०२४ मध्ये संसदेने कायदा करून दोषसिद्धी रद्द केल्या. त्या यंत्रणेतले दोष या पुस्तकातल्या दोषांपेक्षा वेगळ्या प्रकारचे होते, हे इथे सांगून ठेवतो. पण त्या प्रकरणाच्या मुळाशी जे होते ते आपल्या कोणत्याही कचेरीत असू शकते : पडद्यावरचा आकडा कोणत्या ओळींपासून बनला हे शाखेतल्या माणसाला पाहता येत नव्हते, आणि ज्यांना पाहता येत होते त्यांनी त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला नाही. आपला हिशेब बरोबर आहे असे म्हणणारा माणूस हा तपासातला पहिला पुरावा असतो. त्याला अडथळा मानणारी कचेरी आपल्या हातातला सगळ्यात चांगला धागा टाकून देते.

म्हणून या पुस्तकात सांगितलेली पद्धत बेरजेकडून सुरू होत नाही. आकड्याविषयी शंका आली की अशी एक नोंद निवडायची जिच्या पावत्या कागदावर हाती आहेत, आणि तिचे उत्तर आधी हाताने काढायचे. मग त्याच एका नोंदीपुरती क्वेरी चालवायची, तिचे एसक्यूएल समोर घ्यायचे, आणि बेरीज काढून टाकून मधल्या ओळी उघड्या पाहायच्या. कापसाच्या हिशेबात सहा ओळी डोळ्यांसमोर आल्या की पुढे कोणाला काही समजावावे लागत नाही. त्यानंतर एकेक जॉइन काढत जायचे, आणि कोणत्या जॉइनपाशी ओळींची संख्या अपेक्षेहून बदलते ते लिहून ठेवायचे. थराच्या आवृत्तीकडे, त्याच्या ज्ञात दोषांकडे वळायचे ते त्यानंतर. माझ्या मते तरुण प्रोग्रामर उलट करतात : आधी आवृत्ती बदलतात, मग डिस्टिंक्ट लावतात, आणि आकडा अपेक्षित दिसू लागला की थांबतात. अपेक्षित आकडा आणि बरोबर आकडा यांत अंतर असू शकते. वरच्या ३६ हजारांनी ते दाखवले आहे. या कामात खिडकीमागे बसणाऱ्या कारकुनाला, मापाड्याला आणि हिशेबनिसाला सोबत घ्यावे, असा माझा आग्रह आहे. एका शेतकऱ्याला एका दिवशी दोन काटापट्ट्या मिळू शकतात का, चुकारा अर्धा देता येतो का, गावाच्या नावापुढे ‘रेल्वे’ लिहिण्याची रीत सगळे पाळतात का, याची उत्तरे त्यांना तोंडपाठ असतात आणि प्रोग्रामच्या कोणत्याही ओळीत लिहिलेली नसतात.

हे पुस्तक मोठ्या शहरातल्या कंपन्यांसाठी लिहिलेले नाही, त्यांच्याकडे या कामाला वेगळी माणसे असतात. अमरावती-बडनेऱ्यात शिकून आपल्याच तालुक्यातल्या संस्थांची कामे घेणारा एकटा प्रोग्रामर आणि त्याच्याकडून काम करून घेणारा संस्थेचा चिटणीस, असे दोन वाचक डोळ्यांसमोर ठेवले आहेत. चिटणिसाने निदान पहिले प्रकरण वाचावे; त्याला संगणक लागत नाही, कागद आणि पेन पुरते. दुसऱ्या प्रकरणापासून समोर चालू डेटाबेस हवा. एसक्यूलाइट पुरेसा आहे, तो फुकट मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. खऱ्या लोकांची नावे, खाते क्रमांक आणि आधार क्रमांक सरावासाठी वापरू नका. वर दिलेला तीन काटापट्ट्यांचा आणि दोन चुकाऱ्यांचा हिशेब भरून सुरुवात करा, आणि उत्तर ४८ हजार येईपर्यंत पुढचे पान उलटू नका.